सातबारा, हप्ता आणि काँप्युटरची डिग्री

मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर जेवणाच्या रांगेत एका स्नेह्यांनी मला गाठलं. मुलगी बारावीत, काँप्युटर सायन्स घ्यायचं हे पक्कं. आपल्या राज्याचं विद्यापीठ परवडणारं आहे, पण तिचं मन एका महागड्या खाजगी विद्यापीठावर. "तू याच लाइनीतला. पगार बघता एवढं कर्ज काढायला हरकत नाही ना?" मसालेभात गार होईपर्यंत मी काहीबाही बोलत राहिलो. खरं उत्तर घरी आल्यावर सुचलं, आणि ते सुरू होतं चाळीस वर्षांपूर्वी, आमच्या गावच्या शेतापासून.

१९८३ पर्यंत महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं म्हणजे पुण्याचं सरकारी कॉलेज, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकीच दारं होती. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दारं वाढली, खेड्यापाड्यांतली मुलं आत शिरली. पण सरकारचं अनुदान नाही म्हटल्यावर खर्च निघायचा पालकांच्या खिशातून. फी वेगळी आणि 'देणगी' वेगळी! हा प्रकार इतका वाढला, की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला.

माझ्या काकाचा प्रवेश १९८४ चा. काँप्युटरची शाखा तेव्हा अगदी नवी. आजोबांनी काँप्युटर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, पण त्यासाठी दोन एकर बागायत विकली. त्या दोन एकरांत माझ्या वडिलांचाही निम्मा वाटा होता. वडील प्राथमिक शिक्षक. ते याबद्दल घरात कधी अवाक्षर बोलले नाहीत. सातबाऱ्यावरचं नाव बदललं तेवढंच.

काका १९८८ साली पास झाला. पहिली नोकरी लागायला दीड वर्ष गेलं. पुढे वायटूकेचं वारं आलं आणि १९९८ मध्ये तो अमेरिकेत पोचला. गावात पेढे वाटले. मार्च २००० मध्ये नॅसडॅक पाच हजारांच्या वर जाऊन कोसळला आणि २००१ मध्ये काकाची नोकरी गेली. दोन महिन्यांत तो बाडबिस्तरा आवरून पुण्याला परतला, कमी पगारावर पुन्हा सुरुवात केली आणि सावरला.

दरम्यान शिक्षणाचा पैसा आणायच्या वाटा बदलत होत्या. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सुप्रीम कोर्टाने खाजगी कॉलेजांतल्या जागा फ्री सीट आणि पेमेंट सीट अशा वाटून दिल्या. २००२ च्या टीएमए पै निकालाने ती व्यवस्था मोडीत निघाली. २००१ च्या सुमारास बँकांची नमुना शैक्षणिक कर्ज योजना आली : देशात शिकायला साडेसात लाखांपर्यंत, परदेशी पंधरा लाखांपर्यंत. पुढे या मर्यादा वाढल्या. शेत विकायची गरज उरली नाही, सही केली की झालं. माझ्या पिढीला हे वरदानच वाटलं.

मी २०१२ मध्ये एमएससाठी इथे आलो. कर्ज वीस लाख, व्याज साडेबारा टक्के, वडिलांचं घर तारण. मी आलो तेव्हा डॉलर पंचावन्न रुपयांच्या आसपास होता. ऑगस्ट २०१३ मध्ये, नेमकी दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या वेळी, तो अडुसष्टवर गेला. शिकत असताना चढलेलं व्याज धरून हप्ता बसला महिना ४२ हजार. आणि पुण्यात मी सोडून आलेल्या नोकरीचा पगार होता २४ हजार! म्हणजे नापास झालो, नोकरी नाही लागली, व्हिसा नाही मिळाला, तर परत जाऊन पूर्ण पगार बँकेला दिला तरी हप्ता भागणार नव्हता. २०१४ च्या एच-वन-बी लॉटरीत माझं नाव लागलं नाही. २०१५ मध्ये ८५ हजार जागांसाठी सुमारे २ लाख ३३ हजार अर्ज आले, त्यात लागलं. हुशारी तीच, अर्ज तोच. मधलं वर्ष मी कसं काढलं ते घरी कधी सांगितलं नाही.

कर्ज फिटल्यावर काकाला हे सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यामागे हप्ता नव्हता रे, म्हणून मी परत येऊ शकलो. माझा हप्ता आजोबांनी आणि तुझ्या बाबांनी आधीच भरला होता."

आता इथली गोष्ट. रशियाच्या स्पुटनिकनंतर घाबरलेल्या अमेरिकेने १९५८ च्या कायद्याने विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज द्यायला सुरुवात केली. १९६५ च्या कायद्याने ती व्यवस्था विस्तारली. पण १९९८ आणि २००५ च्या बदलांनंतर हे कर्ज, सरकारी असो वा खाजगी, दिवाळखोरी जाहीर करूनही सहसा सुटत नाही. पगाराला मात्र असा कायदा नाही. इथे काँप्युटरची पदवी घेणारे २००४ मध्ये सुमारे ६० हजार होते, २००९ मध्ये ३८ हजारांवर आले, आणि अलीकडे वर्षाला लाखाच्या वर गेले. २००० मध्ये आजचा पगार बघून ज्यांनी प्रवेश घेतला ते २००४ च्या बाजारात बाहेर पडले. २०२१ च्या भरतीवर भुलून आलेल्यांना २०२२-२३ ची नोकरकपात भेटली.

तर त्या स्नेह्यांना माझं उत्तर असं. पगार विचारू नका, तो तुमची मुलगी पास होईल त्या वर्षीचा बाजार ठरवेल. सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्डवर २०१५ पासून कॉलेजवार कमाईचे आकडे आहेत, ते जरूर पाहा, पण ते आधी शिकून गेलेल्यांचे आहेत. पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाला पदवीसाठी सरकारकडून स्वतःच्या नावावर एकूण ३१ हजार डॉलरपर्यंतच कर्ज मिळतं. पालकांच्या सरकारी कर्जालाही जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी दर मुलामागे ६५ हजारांची मर्यादा घातली आहे. त्यापलीकडे खाजगी बँक आणि जामीन म्हणून तुमची सही. तेव्हा हिशोब असा करा : पास झाल्यावर वर्षभर नोकरी नाही लागली, किंवा निम्म्या पगाराची लागली, किंवा तिला हे क्षेत्रच नकोसं झालं, तर हप्ता भरून तिला दुसरी वाट धरता येईल का? येत असेल तर खुशाल महागडं विद्यापीठ घ्या. नसेल तर राज्याचं विद्यापीठ बरं. काँप्युटर तिथेही तोच शिकवतात.

आणि घरातल्या दुसऱ्या मुलाच्या वाट्याचं काय, हेही एकदा विचारून घ्या. माझ्या वडिलांना ते कोणी विचारलं नव्हतं.