दंगलखोर कोण होते?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावाचा बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतून आलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. धान्य लुटले गेले, काही ठिकाणी आगी लागल्या. पण जमावाचे खरे लक्ष्य होते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. ज्या सावकाराने कागद दिले, त्याला बहुधा हात लागला नाही. पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यात पोहोचले आणि बंदोबस्ताला लष्कर बोलवावे लागले.

सरकारदरबारी हे सारे गुन्हेगार ठरले. शेकडो जणांना अटक झाली. पण ही माणसे होती कोण? ती दरोडेखोरांची टोळी नव्हती. बहुतेक जण नांगर धरणारे, सारा भरणारे कुणबी होते.

ही वेळ त्यांच्यावर का आली? अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कर्जे आटली. त्यातच १८६७ पासून इंदापूर वगैरे तालुक्यांत शेतसारा वाढला. रोख्याची मुदत तीन वर्षांची. ती संपली की थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहायचा. निरक्षर कुळाने त्यावर फक्त निशाणी करायची. पुढे दावा, हुकूमनामा आणि जमिनीवर जप्ती. कोर्ट कागद पाहत असे, कागदामागचा व्यवहार पाहत नसे.

शिवाय हातात दगड येण्याआधी गावाने दुसरा मार्ग चोखाळला होता. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावात सावकारांवर बहिष्कार पडला. त्यांची हजामत करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, असे ठरले.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याने सावकाराला दोष दिला. वाढीव साऱ्याला मात्र मोकळे सोडले. तरी १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागचा हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद झाली.

म्हणजे ज्या कागदांची होळी गुन्हा ठरली, ते कागद आंधळेपणाने खरे मानता येत नाहीत, हे चार वर्षांत सरकारनेच मान्य केले. जाळपोळीचे समर्थन कोणी करू नये. परंतु खेड्यातील गुन्ह्याची नोंद वाचताना आरोपीच्या नावाबरोबर त्याची जमीन, त्याचे कर्ज आणि त्याने आधी कुठे दाद मागितली होती, हेही पाहायला हवे.