वावराचा भाव कोण ठरवतं?

आमच्या लेआउटच्या कोपऱ्यात एक विहीर आहे. वर लोखंडी जाळी, आत निर्माल्य आणि चिप्सची पाकिटं. लहानपणी बॉल तिकडे गेला की मॅच संपायची. थोडा मोठा झाल्यावर मी आईला विचारलं, ‘प्लॉटांच्या मधात कोणी विहीर कशाला खोदली असेल?’ आई म्हणाली, ‘प्लॉटांच्या मधात नाही खोदली रे. वावरात खोदली होती. प्लॉट मागाहून पडले.’

वावर म्हणजे शेत. आमच्या नागपुरात हाच शब्द चालतो. म्हणजे माझं घर कुणाच्या तरी वावरात उभं आहे. आमच्या घराच्या कागदांत प्लॉट नंबर आहे, चौरस फूट आहेत, चतुःसीमा आहेत. वावर कोणाचं होतं आणि त्याला काय मिळालं, यातलं काही नाही.

पुढे वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला भूसंपादन शिकताना एका निकालाचं नाव समोर आलं : ‘नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठलराव’. सर्वोच्च न्यायालय, १९७२. अख्ख्या देशातले वकील हा निकाल दाखवतात. मला मात्र तो वाचताना कोपऱ्यातली विहीर आठवत होती. खटल्यातली जमीन आमच्या लेआउटची नव्हती, पण प्रश्न तोच होता. शहराला वावर हवं असेल, तर त्याची किंमत कशी लावायची?

बाजारात याचं उत्तर सोपं वाटतं. कॉटन मार्केटमध्ये भाजीचा भाव पटला नाही तर माल घेणारा पुढच्या गाळ्यावर जातो, आणि विकणाराही ‘नाही परवडत’ म्हणून मान हलवतो. कायद्याने ‘बाजारमूल्य’ हा शब्द इथूनच उचलला. राजीखुशीने विकणारा राजीखुशीने घेणाऱ्याकडून जी रक्कम घेईल, ते बाजारमूल्य.

अडचण अशी की भूसंपादनात विकणारा राजी नसतो. नोटीस येते, तेव्हा त्याला ‘नाही परवडत’ म्हणून उठून जाता येत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याला हे चांगलं माहीत होतं. त्याच्या कलम २४ मध्ये मोबदला ठरवताना कोणत्या गोष्टी धरायच्या नाहीत, याची यादी होती. त्यातली एक गोष्ट म्हणजे मालकाची जमीन सोडायची अनिच्छा. आजोबांनी खोदलेली विहीर असेल, धुऱ्यावर आईने लावलेला आंबा असेल, तर विहिरीचे आणि झाडाचे पैसे मिळतील. ‘मला हे सोडायचं नाही’ याचे मात्र शून्य.

त्याच कायद्यात एक कलम मागे, २३ मध्ये, दुसरी तरतूद होती. जमीन सक्तीने घेतली जाते म्हणून बाजारमूल्यावर आणखी १५ टक्के द्यायचे. सरकारी मराठीत याला ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. माणसाची नाराजी हिशेबात धरायची नाही, पण सक्ती केली हे मान्य करून थोडा दिलासा द्यायचा. या १५ टक्क्यांवर पुढे नागपुरात मोठा वाद झाला.

त्याआधी विशाखापट्टणमची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यातही पाणी आहे. तिथल्या बंदरासाठी एका जमीनदाराची जमीन घेतली गेली. त्या जमिनीत पिण्याच्या गोड्या पाण्याचा झरा होता आणि बंदराला पाणी हवंच होतं. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा : या पाण्याला बंदर सोडून दुसरं गिऱ्हाईकच नाही. मग त्याची जास्तीची किंमत कशाला धरायची? प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९३९ मध्ये तिथे ठरलं की गिऱ्हाईक एकच असलं आणि तेच जमीन घेणारं असलं, तरी जमिनीत जी शक्यता दडलेली आहे तिची किंमत मालकाला मिळाली पाहिजे. जमीन आज कशी पडून आहे एवढंच बघून चालत नाही, उद्या तिचं काय होऊ शकतं हेही बघावं लागतं.

आता नागपूर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी असलेल्या या शहराच्या नियोजनबद्ध वाढीसाठी १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा झाला. नागपूरकर ज्याला ‘एनआयटी’ म्हणतात ते हेच. रस्ते, बगिचे, लेआउट या सगळ्यासाठी जमीन लागणार होती. म्हणून या कायद्याने १८९४ चा कायदाच घेतला, पण परिशिष्टात त्यात बदल केले. त्यातले दोन महत्त्वाचे. एक, बाजारमूल्य काढताना जमिनीचा त्या वेळी जो वापर चालू आहे तोच धरायचा. शहराच्या तोंडाशी असलेल्या वावरात ज्वारी उभी असेल तर भाव ज्वारीच्या वावराचा. तिथे उद्या प्लॉट पडतील, हे हिशेबात नाही. दुसरा बदल, १५ टक्के दिलासा रक्कम नाही.

याचा अर्थ काय होतो बघा. एका धुऱ्याच्या अल्याडपल्याड दोन वावरं आहेत. एक सरकारने १८९४ च्या कायद्याखाली घेतलं, दुसरं प्रन्यासासाठी घेतलं. माती तीच, रस्ता तोच, पण दुसऱ्या मालकाच्या हातात कमी पैसे. का? तर त्याच्या नोटिशीवर वेगळ्या कायद्याचं नाव आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला हे पटलं नाही. प्रन्यास अपिलात गेला. सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीशांच्या पीठापुढे सुनावणी झाली आणि डिसेंबर १९७२ मध्ये सरन्यायाधीश सिक्री यांनी निकाल दिला. त्यांचा मुद्दा शाळेतल्या मुलालाही समजेल असा आहे. समजा, सरकारने म्हटलं की दवाखान्यासाठी जमीन घेतली तर बाजारमूल्याच्या ५० टक्के देऊ, शाळेसाठी ६० आणि सरकारी इमारतीसाठी ७०. चालेल का? नाही. तिन्ही कामं लोकांच्याच भल्याची आहेत, पण ज्याची जमीन गेली त्याला त्यावर काय बांधलं जाणार याने काहीच फरक पडत नाही. तसंच, ती कोणत्या कायद्याखाली गेली यानेही पडत नाही. सारख्या स्थितीतल्या दोन मालकांना वेगळा मोबदला देणं म्हणजे घटनेच्या कलम १४ मधल्या समानतेचा भंग.

हा निकाल कोणत्या काळात आला, तेही बघण्यासारखं आहे. १९७१ च्या २५व्या घटनादुरुस्तीने संपत्तीच्या कलमातून ‘मोबदला’ हा शब्दच काढून त्या जागी ‘रक्कम’ आणला होता. हा बदल दिसतो तेवढा छोटा नाही. मोबदला या शब्दात ‘बदल’ आहे, घेतलं त्याच्या तोडीचं परत देणं आहे. रक्कम कितीही असू शकते. कितीही द्या, पण सारख्यांना सारखं द्या, एवढी एक खुंटी नागपूरच्या खटल्याने त्या काळात पक्की ठोकली.

पुढे दिलासा रक्कम १९८४ मध्ये ३० टक्के झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्याने १०० टक्के. मग सगळं ठीक झालं का? नवा कायदा बाजारमूल्य कुठून काढतो? रेडी रेकनरचे दर आणि आसपासच्या नोंदणीकृत खरेदीखतांवरचे भाव बघून. खरेदीखत कसं होतं, हे आपल्या सगळ्यांच्या घरात माहीत असतं. स्टॅम्प ड्युटी वाचवायला कागदावर कमी आकडा, उरलेलं रोख. दोघंही खूश. पण तो कमी आकडा निबंधकाच्या दप्तरात बसून राहतो आणि दोन वर्षांनी शेजारच्या वावराचं संपादन निघालं की मोबदल्याच्या हिशेबात येऊन उभा राहतो. आपण वाचवलेल्या पैशांचा काही भाग शेजाऱ्याच्या खिशातून जातो, आणि त्याने तर कुठेही सही केलेली नसते.

आमच्या घराचं खरेदीखत मी मागच्या दिवाळीत पहिल्यांदा नीट वाचलं. आकडा वाचून बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘तेव्हा सगळेच असंच करत होते.’ मी पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळी पणत्या लावताना आईने एक पणती नेहमीसारखी विहिरीच्या जाळीपाशी नेऊन ठेवली. कोणाच्या नावाने ठेवते, हे मात्र मी तिला या वेळी विचारलं.

‘ज्याचं वावर होतं त्याच्या,’ ती म्हणाली. ‘नाव नाही माहीत.’