हेल्मेटच्या काचेवरील ओरखडे

हेल्मेटच्या पुढील पारदर्शक झाकणाला दुकानदार व्हायझर म्हणतो, आणि वापरणारे आपण सारे काच म्हणतो. घोटाळ्याचे मूळ या नावातच आहे. ती काच नव्हे. बहुतेक हेल्मेटांत ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. काचेशी जसे वागावे तसे त्याच्याशी वागले, की वर्षभरात ते पांढुरके पडते. घरातला आरसा वर्तमानपत्राच्या कागदाने लख्ख होतो, हा अनुभव खरा आहे. परंतु हा कागद धूळ बसलेल्या हेल्मेटवर कोरडाच फिरवला, तर दिसणार नाहीत असे शेकडो चरे त्यावर उमटतात आणि ते पहिल्यांदा दिसतात ते रात्री, समोरून गाडी आल्यावर.

आज वापरात असलेले पॉलिकार्बोनेट १९५३ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना, तयार केले. आघात सोसण्याची त्याची ताकद विलक्षण आहे. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा लागला तरी ते सहसा फुटत नाही, आणि काचेसारख्या त्याच्या ठिकऱ्या होऊन डोळ्यांत जात नाहीत. मात्र चिवट असणे वेगळे आणि कठीण असणे वेगळे. पॉलिकार्बोनेटचा पृष्ठभाग मऊ असतो. म्हणून चांगल्या व्हायझरवर सिलिकॉनयुक्त कठीण थर चढवलेला असतो. त्याची जाडी अवघी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. ओरखड्यांविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, ते सारे या पातळ थराभोवतीच फिरते.

आता दुसरी बाजू धुळीची. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् मापनात वाळूतील क्वार्ट्झचा क्रमांक सात आहे, तर खिडकीच्या साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास. दख्खनच्या पठारावर त्यात खडी केंद्रांतून आणि बांधकामांवरून उडणारी काळ्या पाषाणाची भुकटीही मिसळते. अशी धूळ कोरड्या फडक्याखाली सापडली, की ते फडके नव्हे, पॉलिश कागदच होतो. हेल्मेटांच्या युरोपीय प्रमाणकातही व्हायझरची परीक्षा वाळूनेच घेतली जाते. तीन किलो क्वार्ट्झ वाळू १६५० मिलिमीटर उंचीवरून फिरत्या नमुन्यावर सोडतात आणि नंतर त्यातून जाणारा प्रकाश किती विखुरतो ते मोजतात. म्हणजे प्रश्न चरा किती खोल आहे एवढाच नाही. प्रकाश किती फाकतो, हा आहे.

दिवसा उजेड सर्व बाजूंनी येतो, त्यामुळे बारीक चरे जाणवत नाहीत. रात्री बाहुली मोठी झालेली असते आणि अंधारात एकच प्रखर दिवा समोर असतो. प्रत्येक चरा त्या दिव्याचा थोडा प्रकाश डोळ्यांत फेकतो आणि दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. त्या झगमगाटाच्या कडेला जे काही मंद उजेडात असते ते पुसले जाते. गळीत हंगामात सांगली-कोल्हापूरकडील रस्त्यांवर रात्री दुचाकी चालवणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. समोरून येणाऱ्या मोटारीचा दिवा डोळ्यांवर असताना, मागे ना दिवा ना परावर्तक अशी उसाची ट्रॉली आपल्याच बाजूला पुढे उभी असते. ती वेळेत दिसणे हे त्या प्लॅस्टिकच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. यावर पुष्कळजण उपाय काढतात तो काच वर करून गाडी हाकण्याचा. मग चिलटे, धूळ आणि खडे थेट डोळ्यांत. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा 'हेल्मेटमधून नीट दिसत नाही' अशी तक्रार अनेकांनी केली. त्यातील काहींनी आपली काच एकदा दिव्यासमोर धरून पाहायला हवी होती, असे राहून राहून वाटते.

परीक्षा सोपी आहे. काच धुऊन, वाळवून रात्री रस्त्यावरील एखाद्या दिव्याकडे तिच्यातून पाहावे, मग ती बाजूला करून पाहावे. दिव्याभोवतीचे जाळे काचेबरोबर नाहीसे झाले, तर दोष डोळ्यांचा नाही.

ओरखडे घालवण्याचे म्हणून जे घरगुती उपाय सांगितले जातात, त्यांत टूथपेस्ट सर्वांत लोकप्रिय आहे. टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका यांची बारीक भुकटी असते. ती ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या भोवतालचा पृष्ठभाग घासून त्याच्या पातळीला आणू पाहते. साध्या, थर नसलेल्या प्लॅस्टिकवर याने थोडी चमक येते हे खरे. परंतु व्हायझरवर आधी जातो तो वरचा कठीण थर. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने हा प्रयोग केला होता. काच ओली असेपर्यंत निकाल उत्तम दिसला. वाळल्यावर मधोमध तळहाताएवढा धुरकट पट्टा उरला, आणि पुढील महिनाभरात त्याच पट्ट्यावर पूर्वीपेक्षा दुप्पट चरे जमले. थर गेल्यावर खालचे मऊ प्लॅस्टिक उघडे पडले होते, त्याचा तो परिणाम. घासताना पृष्ठभाग किंचित उंचसखल होतो आणि त्यातून रस्ता लहरी दिसतो, हा आणखी एक तोटा. बेकिंग सोडा, रांगोळी, धातूचे पॉलिश यांबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही.

बाजारात प्लॅस्टिकसाठी खास पॉलिश मिळते. ज्या स्वस्त व्हायझरवर मुळात कठीण थरच नसतो, त्यावर ते मऊ कापडाने, हलक्या हाताने वापरल्यास अगदी बारीक चरे कमी होऊ शकतात. मेणयुक्त द्रावणे चरा तात्पुरता भरून काढतात. ती पहिल्या दोन पावसांत धुऊन जातात. नखाला लागतो असा चरा मात्र कशानेही जात नाही. तो नजरेच्या रेषेत असेल तर काच बदलणे एवढाच उपाय उरतो. हनुवटीजवळ किंवा अगदी कडेला असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, हेच शहाणपणाचे.

खरे काम स्वच्छतेच्या पद्धतीत आहे. काच शक्यतो हेल्मेटपासून वेगळी करावी. बहुतेक हेल्मेटांत दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून ती निघते. प्रथम तिच्यावरून वाहते पाणी सोडून धूळ जाऊ द्यावी, त्यावेळी हात लावू नये. वाळून चिकटलेले किडे असतील तर ओले कापड त्यावर दहा मिनिटे नुसते पसरून ठेवावे. नंतर कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब टाकून बोटांच्या टोकांनी हलकेच चोळावे, कारण बोटाखाली कण आला तर तो लगेच जाणवतो, कापडाखाली जाणवत नाही. पुन्हा भरपूर पाण्याने धुऊन, स्वच्छ मायक्रोफायबरच्या कापडाने न घासता पाणी टिपून घ्यावे. हे कापड फक्त काचेसाठी राखून ठेवावे. ज्या पिवळ्या फडक्याने टाकी आणि मडगार्ड पुसले, त्यात अर्धा चमचा माती तरी असतेच.

भांडी घासण्याची पावडर, वडी आणि घासणी अर्थातच वर्ज्य. पेट्रोल किंवा थिनरने पुसण्याची गॅरेजमधील पद्धत तर घातकच, कारण त्यांनी पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे जातात आणि ते ठिसूळ होते. खिडक्यांच्या काचेसाठी असलेली अमोनियायुक्त द्रावणेही याच कारणाने टाळावीत. आतील बाजूची काळजी अधिक घ्यावी लागते. तेथे धुके न धरणारा लेप किंवा पिनलॉकची जादा पट्टी असेल, तर ती बाहेरच्या पृष्ठभागापेक्षाही मऊ असते. तिला साधे पाणी आणि हलका स्पर्श पुरे.

रस्त्यात चिखल उडाला, की हातमोज्याने झटकन पुसण्याचा मोह होतो. निम्मे ओरखडे तेव्हाच पडतात. धो धो पाऊस असेल तर ओल्या मोज्याने पाणी निपटण्यास हरकत नाही, पण चिखल असेल तर बाजूला थांबून बाटलीतील पाणी ओतावे. ताम्हिणी किंवा आंबोलीत पावसाळी सहलीला जाणाऱ्यांनी एक जुनी काच चिखलाच्या दिवसांसाठी राखून ठेवण्यास हरकत नाही, फक्त ती रात्री वापरू नये. रंगीत काचेचेही तसेच. युरोपीय नियमांनुसार ८० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश आत सोडणाऱ्या व्हायझरवर तो केवळ दिवसाच्या वापरासाठी असल्याची खूण करावी लागते. आपल्याकडे काळी काच रात्रीही मिरवली जाते, त्याला काय म्हणावे?

हेल्मेट ठेवण्याच्या सवयीही तपासाव्यात. काच खाली करून ते फरशीवर टेकवणे, स्कूटरच्या डिकीत कुलूप आणि पान्यांसोबत कोंबणे, रेनकोटची चेन काचेला लागेल असे गुंडाळणे, या तिन्ही गोष्टी रोज पाहायला मिळतात. आरशावर अडकवलेले हेल्मेट वाऱ्याने पडते, शिवाय आतील थर्माकोललाही खड्डा पडतो. नव्या हेल्मेटबरोबर मिळणारी कापडी पिशवी बहुधा पहिल्याच आठवड्यात घरातील कांदेबटाट्यांकडे जाते. ती मुळात याच कामासाठी दिलेली असते.

बदली काच घेताना हेल्मेटचे मॉडेल दुकानदाराला नेमके सांगावे. बहुतेक देशी हेल्मेटांची काच काही शे रुपयांत स्वतंत्र मिळते. दिसायला सारखी पण दुसऱ्या मॉडेलची काच खाचेत पूर्ण बसत नाही, तिच्या फटीतून पाणी शिरते आणि वेगात ती आपोआप वर उचलली जाते. बसवल्यानंतर चार-पाच वेळा उघडझाप करून दोन्ही बाजू सारख्या फिरतात का पाहावे, कारण एक बाजू घासत असेल तर पहिला चरा तेथूनच सुरू होतो. आणि कारखान्यातून येताना काचेवर असलेला पातळ संरक्षक पापुद्रा काढून टाकावा. नवेपणा टिकावा म्हणून तो वर्षभर तसाच ठेवणारे पुष्कळ आहेत. मग त्या पापुद्र्यावरच चरे पडतात, आणि समोरचा दिवा पुन्हा जाळ्यातून दिसू लागतो.