‘ईझी रायडर’ची मोटरसायकल कोणी बांधली?

“चालती गाडी कापलीस? कशाला?” आईने मिरजेहून व्हिडिओ कॉलवर विचारलं. मी फोन गॅरेजभर फिरवून तिला दाखवत होतो. १९७७ ची यामाहा एक्सएस ६५०, दोन सिलिंडरांची. तिच्या चौकटीचा मागचा भाग शॉक-अ‍ॅब्सॉर्बरसकट कापून भिंतीला टेकवला होता आणि त्या जागी सरळ नळ्यांची, स्प्रिंग वगैरे काहीही नसलेली शेपटी वेल्ड केली होती. बाबांनी त्यांच्या राजदूतची साधी हँडलची मूठही फाटेपर्यंत बदलली नव्हती, त्यामुळे आईचा प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “आई, याला चॉपर म्हणतात.” ती म्हणाली, “म्हणू देत.”

त्याच हिवाळ्यात एका रात्री वायरिंग करून कंटाळल्यावर ‘ईझी रायडर’ पुन्हा बघितला. पूर्वी दोनदा पाहिला होता, पण तेव्हा रस्ते बघितले होते, वाळवंट बघितलं होतं. या वेळी गाडी बघितली. पीटर फोंडाची ती ‘कॅप्टन अमेरिका’: टाकीवर अमेरिकेचा झेंडा, पुढे लांबच लांब गेलेला फोर्क (आपल्याकडे सायकलवाले ज्याला चिमटा म्हणतात तो), पुढच्या चाकाला ब्रेक नाही, मागे स्प्रिंग नाही. जो माणूस तीन आठवडे मागच्या दिव्याच्या तारेशी झटतोय, त्याच्या मनात साहजिकच येतं, की हे सगळं बसवलं कोणी? सिनेमा संपल्यावर नामावली थांबवून थांबवून वाचली. छायाचित्रण कोणाचं, संकलन कोणाचं, गाणी कोणाची, सगळं होतं. गाड्या बांधणाऱ्यांची नावं नव्हती.

ती नावं शोधायची तर थोडं मागे जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसनने लष्करासाठी सुमारे ९०,००० डब्ल्यूएलए मोटरसायकली बनवल्या. युद्ध संपलं आणि त्यांतल्या कितीतरी स्वस्तात विक्रीला निघाल्या. परत आलेल्या तरुण सैनिकांना यंत्राची ओळख झालेली होती, खिशात थोडे पैसे होते आणि गाडी तर जड, सुस्त. मग त्यांनी सोपा उपाय केला. पुढचा मडगार्ड काढून टाकायचा, मागचा अर्धा कापायचा, नको ते सगळं उतरवायचं. अशा गाडीला ‘बॉबर’ म्हणत. घोड्याची शेपूट आखूड कापतात त्यावरून. ही रीत युद्धाआधीच्या शर्यतींतून आलेली होती, पण आता ती गल्लीबोळांतल्या गॅरेजांत शिरली. कापणं हाच मुख्य संस्कार असल्यामुळे पुढे ‘चॉपर’ हा शब्द रूढ झाला.

इथे एक गंमत सांगायला हवी. युद्धातल्या त्याच उरलेल्या मोटरसायकली हिंदुस्थानातही होत्या. दिल्लीच्या मेकॅनिकांनी त्यांच्या मागे डबा जोडून, प्रवासी कोंबून चांदणी चौक ते कॅनॉट प्लेस फेऱ्या सुरू केल्या. तीच ती दिल्लीची ‘फटफट’. पुढे तिला डिझेल इंजिनं बसली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणापायी ती बंद झाली. म्हणजे एकाच गाडीतून कॅलिफोर्नियातल्या पोराने एका माणसापुरतं सोडून बाकी सगळं काढून टाकलं आणि दिल्लीच्या सरदारजीने तिच्यावर अर्धी आळी बसवली. दोघांकडची हत्यारं साधारण सारखीच असणार: हॅकसॉ, पाने आणि वेल्डिंगचं मशीन.

१९४७ च्या ४ जुलैला हॉलिस्टर या छोट्या गावात मोटरसायकलवाल्यांनी जो धिंगाणा घातला, ‘लाइफ’ मासिकात जो फोटो आला आणि १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा जो सिनेमा निघाला, ते बहुतेकांना माहीत आहे. त्यातून मोटरसायकलवाला म्हणजे गोरा, दाढीवाला, दारुडा गुंड हे चित्र तयार झालं. गाड्या खरोखर बांधणाऱ्यांचं चित्र बरंच वेगळं होतं. दक्षिण कॅलिफोर्नियात विमानांचे कारखाने होते, त्यामुळे गल्लीगल्लीत चांगला वेल्डर, टर्नर, क्रोम चढवणारा सापडायचा. माझी शेपटी वेल्ड करणारे शेजारीही विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, तीन डबे चकल्या मात्र घेतल्या.

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात, जिथे १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्सची दंगल पेटली आणि ३४ माणसं मेली, त्या काळ्यांच्या वस्तीत बेन हार्डी नावाच्या कृष्णवर्णीय मेकॅनिकचं मोटरसायकलचं दुकान होतं. आजूबाजूचे लोक त्याला मोटरसायकलींचा राजा म्हणत. त्याच्याकडे चॉपर बांधून घ्यायला येणाऱ्यांत क्लिफर्ड वॉन्स हा एक होता. हा वॉन्स विलक्षण माणूस. बोस्टनचा, १९३७ चा जन्म, मरीन दलात नोकरी केलेला, मग नागरी हक्क चळवळीतल्या विद्यार्थी संघटनेचा, म्हणजे ‘स्निक’चा, कार्यकर्ता आणि छायाचित्रकार. १९६४ मध्ये मेरीलँडमधल्या केंब्रिज गावी निदर्शनांत नॅशनल गार्डचे जवान एका तरुणाला ओढून नेताहेत आणि त्याचे सोबती त्याला उलटीकडून धरून ठेवताहेत, असा डॅनी लायनचा एक प्रसिद्ध फोटो आहे. तो तरुण म्हणजे वॉन्स. दक्षिणेतल्या राज्यांत चळवळीच्या कामाला जाताना तो चॉपरवरून हिंडे. त्या काळात, त्या भागात, काळ्या माणसाने तशा गाडीवर बसून गावात शिरायचं म्हणजे काय, याची कल्पना आपली आपण करावी.

पुढे लॉस एंजेलिसमध्ये रेडिओचा बातमीदार असताना त्याची फोंडाशी ओळख झाली. दोन मित्र मोटरसायकलींवर देश ओलांडतात असा सिनेमा ठरत होता. गाड्यांचं काम वॉन्सकडे आलं आणि वॉन्सने ते हार्डीच्या दुकानात नेलं. लॅरी मार्कस नावाचा मेकॅनिकही मदतीला होता. पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या हार्ले घेतल्या. ‘पॅनहेड’ म्हणतात त्या इंजिनाच्या. सिलिंडरवरची झाकणं उलट्या परातीसारखी दिसतात म्हणून हे नाव. दोघा नायकांसाठी दोन-दोन, अशा चार गाड्या बांधल्या. पेट्रोलची टाकी ग्लेंडेलला बनणाऱ्या मस्टंग नावाच्या छोटेखानी मोटरसायकलच्या घडणीची घेतली. सिनेमात त्याच टाकीत नोटांची नळी लपवलेली आहे.

चॉपर दिसतो तितका सोपा नसतो. हँडलची मान मागे कलवली आणि फोर्क लांबवला की गाडी सरळ रस्त्यावर रुळावरच्या आगगाडीसारखी धावते, पण हळू वळवायची वेळ आली की पुढचं चाक एका बाजूला लोळण घेतं. नुसता फोर्क लांबवून मान तशीच ठेवली तर गाडीचं नाक वर जातं आणि इंजिन आकाशाकडे बघायला लागतं. हे प्रमाण हार्डीच्या हातात होतं. त्याच्या गाडीचा फोटो आडवा धरून बघा, खालच्या नळ्या जमिनीला जवळजवळ समांतर दिसतात.

आणि वायरिंग! माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. हार्लेच्या मोठ्या गाड्या १९६४ पर्यंत ६ व्होल्टच्या होत्या आणि किकने सुरू होत. स्टार्टर मोटर नाही म्हटल्यावर भली मोठी बॅटरी लागत नाही. चॉपरवाल्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. काहींनी मॅग्नेटो लावून बॅटरीच काढली. मॅग्नेटो आपल्याच फिरण्याने ठिणगी तयार करतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही. तारा हँडलच्या आणि चौकटीच्या नळ्यांतून आत नेल्या, म्हणजे बाहेरून काही दिसू नये. दिसत नाही, पण बिघडलं की शोधताही येत नाही. शिवाय मागे स्प्रिंग नसल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक हादरा तारेपर्यंत पोचतो. सोल्डर केलेला सांधा कडक होतो आणि त्याच्या कडेला तार तुटते. म्हणून जाणते लोक टर्मिनल दाबून बसवतात आणि तारेला थोडी ढील ठेवतात.

मी यामाहाचा मूळचा जाडजूड हार्नेस काढून टाकला आणि कागदावर नवा आराखडा काढला. मॅग्नेटचा अल्टरनेटर, रेग्युलेटर, बॅटरीच्या जागी एक कपॅसिटर, एक फ्यूज, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, कॉइल. मोजून बारा तारा. कॅलिफोर्नियात १९७३ पासूनच्या गाड्यांना इंडिकेटर लागतात, म्हणून आणखी पाच. चौथ्या किकला इंजिन लागलं तेव्हा मी अक्षरशः नाचलो. मग उजवा इंडिकेटर दिला. त्याच्याबरोबर मागचा लाल दिवाही लुकलुकू लागला. ब्रेक दाबला तर इंडिकेटर मंद पेटला. दोन रात्री प्रत्येक तार तपासली. तारा सगळ्या बरोबर होत्या. चूक अर्थिंगची होती. मी हौसेने मागच्या मडगार्डला सुंदर काळं पावडर कोटिंग करून घेतलं होतं आणि त्यावरच दिव्याचा बोल्ट आवळला होता. रंगातून वीज जात नाही. परतीची वाट बंद झाल्यावर बिचारा प्रवाह दुसऱ्या दिव्यांच्या तारांतून वाट काढत होता. बोल्टाखालचा रुपयाएवढा रंग चाकूने खरवडला आणि सगळं थाऱ्यावर आलं.

‘ईझी रायडर’ १९६९ च्या जुलैमध्ये लागला आणि चॉपर जगभर पोचला. वॉन्सने पुढे सांगितलं त्याप्रमाणे न्यू ऑर्लीन्समधल्या मार्डी ग्राच्या गोंधळी चित्रीकरणानंतर सुरुवातीच्या काही मंडळींना काढून टाकलं, त्यात तोही गेला. पडद्यावर त्या गाड्यांवर दोन गोरे तरुण बसले. मुलाखतींत फोंडा गाडीच्या रचनेचं श्रेय स्वतःकडे घेत असे. घरोघरी लांब फोर्क बसू लागले, सुट्या भागांचे कॅटलॉग निघाले, मासिकं निघाली. २००३ मध्ये टीव्हीवर ‘अमेरिकन चॉपर’ सुरू झालं. आपल्यापैकी जे त्या सुमारास इकडे आले त्यांना त्यातली बापलेकांची भांडणं आठवत असतील. तिथे तर बांधणाऱ्याचं नाव गाडीपेक्षा मोठं होतं. हार्डी तोवर राहिला नव्हता. तो १९९४ मध्ये वारला.

चारपैकी एक गाडी सिनेमाच्या शेवटात मोडली, बाकीच्या सिनेमा पडद्यावर येण्याआधीच चोरीला गेल्या. त्यांचं काय झालं ते कोणालाही कळलं नाही. २०१४ मध्ये ‘मूळची कॅप्टन अमेरिका’ म्हणून एक गाडी लिलावात आली आणि तिच्यावर साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली. ती खरी का, यावर लगेच वाद पेटला. योगायोग असा, की त्याच वर्षी पॉल डॉर्लियन्सचं चॉपरच्या इतिहासावरचं पुस्तक आलं आणि हार्डी-वॉन्स ही नावं जरा मोठ्याने घेतली जाऊ लागली. वॉन्सने ती ऐकली. २०१६ मध्ये तो गेला.

मला राग फोंडाचा फारसा येत नाही. नटाने नटासारखं वागावं. राग येतो तो नामावलीचा. गाण्यांच्या रांगेखाली एक ओळ सहज मावली असती.

मार्चमध्ये गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. शेजारी त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, वेल्डिंगच्या सांध्याकडे बघत राहिले. संध्याकाळी आईला व्हिडिओ पाठवला. तिने तो दोनदा पाहिला म्हणे. मग फोन आला: “छान आहे रे. पण मागे बसायला जागा कुठंय?”