शिशुवयातील ऑनलाइन शैक्षणिक खेळ

एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांना रंग, आकार, प्राणी, आवाज, लहान-मोठे, मोजणी यांची पहिली ओळख व्हावी म्हणून तयार केलेले आणि मोबाइल, टॅबलेट किंवा संगणकावर इंटरनेटच्या मदतीने खेळायचे खेळ. ते संकेतस्थळांवर असतात, तसेच ॲपच्या रूपातही मिळतात. अनेक खेळांचा वयोगट फार मोठा धरलेला असतो. ‘खान अकॅडमी किड्स’ (२०१८) दोन ते आठ वर्षांच्या, तर ‘जीकॉम्प्री’ दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे अशा संचांतले नेमके कोणते खेळ शिशूला झेपतील, हे मोठ्या माणसालाच निवडावे लागते.

इतिहास : पडद्यावरून लहान मुलांना अक्षरे व अंक शिकवण्याचा पहिला मोठा नियोजनबद्ध प्रयोग अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’ ही दूरचित्रवाणी मालिका (१९६९) मानली जाते. जोन गँझ कूनी या तिच्या संस्थापकांपैकी एक. फ्रेंच प्रोग्रामर ब्रूनो कूदाँ यांनी २००० मध्ये ‘जीकॉम्प्री’ हा मुक्त व मोफत खेळसंच सुरू केला. २००२ मध्ये ‘स्टारफॉल’ हे वाचनपूर्व तयारीचे संकेतस्थळ आले. हे खेळ माउसने खेळावे लागत. हात एकीकडे आणि बाण दुसरीकडे, हा मेळ दोन वर्षांच्या मुलाला सहसा जमत नाही. २०१० मध्ये आयपॅड आला आणि चित्रालाच बोट लावण्याची सोय झाली. तिथून हे खेळ खऱ्या अर्थाने शिशुवयापर्यंत उतरले. २०२० च्या अखेरीस ‘फ्लॅश’ हे तंत्र बंद झाल्याने जुन्या संकेतस्थळांवरचे असंख्य खेळ चालेनासे झाले. त्याच वर्षी कोविडमुळे बालवाड्या आणि अंगणवाड्या बंद राहिल्या व अनेक घरांत मुलांच्या शिकण्याचा भार मोबाइलवर आला.

शिकण्याची प्रक्रिया : समोरच्या माणसाकडून मूल जे चटकन उचलते, ते पडद्यावरून उचलायला त्याला जास्त कष्ट पडतात. साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत हा फरक ठळक असतो. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी (मँडरिन) भाषेतील ध्वनी ऐकवले गेले. प्रत्यक्ष खेळवणाऱ्या व्यक्तीकडून ऐकलेल्या बाळांना ते ध्वनी वेगळे ओळखता आले. तेच बोलणे चित्रफितीतून ऐकलेल्यांना आले नाहीत. ज्यूडी डिलोश यांनी २०१० मध्ये एक ते दीड वर्षाच्या मुलांचा अभ्यास केला. त्यात शब्द शिकवणारी चित्रफीत महिनाभर पाहिलेल्या मुलांपेक्षा, तेच शब्द आईवडिलांनी रोजच्या व्यवहारात शिकवलेली मुले पुढे गेली.

मात्र पडदा सरसकट निरुपयोगी ठरत नाही. दोन ते अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदे शिकू शकतात, असे २०१४ मधील एका अमेरिकन अभ्यासात दिसले. आधी चित्रित केलेल्या संवादातून मात्र त्यांना ती शिकता आली नाहीत. पलीकडचा माणूस मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देतो, हे यामागचे कारण. परदेशातील मराठी घरांत नातवंडाशी व्हिडिओ कॉलवर बोलणारी आजी त्यामुळे मुलाच्या भाषेसाठी कित्येक ॲपपेक्षा उपयोगी पडू शकते.

चांगल्या खेळाची लक्षणे : कॅथी हर्श-पासेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चार कसोट्या मांडल्या : मुलाने स्वतः विचार करावा, लक्ष विचलित होऊ नये, विषय मुलाच्या अनुभवाशी जोडलेला असावा आणि खेळताना माणसांशी देवाणघेवाण व्हावी. या कसोट्या प्रत्यक्ष रचनेत कशा उतरतात, हे रंगांच्या एका साध्या खेळावरून कळते. पडद्यावर लाल चेंडू आणि दोन टोपल्या. चेंडू चुकीच्या टोपलीत टाकला की काही खेळांत गमतीदार ‘धप्प’ आवाज होतो आणि जोकर पडतो. मुलाला हीच गंमत आवडते, म्हणून ते मुद्दाम चुकत राहते. चांगल्या रचनेत चुकीचा चेंडू मुकाट्याने जागेवर परत येतो, बरोबर उत्तराला रंगाचे नाव स्पष्ट उच्चारले जाते आणि पुढची कृती करायला मुलाला वेळ मिळतो. एका वेळी दोन-तीनच वस्तू, मोठी चित्रे, ओढण्यापेक्षा बोट टेकवण्याची क्रिया, मागे सतत संगीत नसणे, याही जमेच्या बाजू होत.

मराठीतील स्थिती : मराठीत या वयासाठीचे साहित्य तुलनेने कमी आहे आणि त्यात भाषांतरित खेळ बरेच. अशा खेळांत सुटे सुटे मुद्रित केलेले शब्द जोडून वाक्ये तयार केली, तर इंग्रजीत चालून जाते. मराठीत ‘पिवळा गाडी’, ‘मोठा मांजर’ असे कानावर पडते. मूल व्याकरण ऐकूनच शिकत असल्याने लिंगानुसार विशेषण बदलणारी, सलग बोललेली वाक्ये असलेला खेळ निवडणे इष्ट. बाराखडी गिरवण्याचे खेळ शिशुवयासाठी नाहीत. त्याआधी ध्वनी, बडबडगीते, गोष्टी आणि चित्रवर्णन यांची पायरी येते.

महाराष्ट्रात बालशिक्षणाची परंपरा मात्र पडद्यापेक्षा वस्तू हाताळण्यावर उभी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातल्याच स्वस्त वस्तूंमधून शिक्षणसाहित्य घडवले. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा संच आणला. त्यातही खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपत्ते यांवर भर आहे.

वेळेची मर्यादा : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळांना पडदा दाखवू नये, एक वर्षाच्या मुलांसाठीही तो सुचवलेला नाही आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, त्याहून कमी असेल तर उत्तमच. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली पडदा टाळण्यास सांगते. नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल याला अपवाद. दोन ते पाच वर्षांसाठी जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, असे तिचे म्हणणे आहे. जेवताना, झोपण्यापूर्वी आणि रडणे थांबवण्यासाठी मोबाइल हातात देणे तज्ज्ञ टाळायला सांगतात.

सुरक्षितता : मोफत खेळांत जाहिराती आणि ‘विकत घ्या’ची बटणे असतात. शिशूला चित्र आणि जाहिरात यांतला फरक कळत नाही. अँड्रॉइडवर ‘स्क्रीन पिनिंग’ आणि आयफोनवर ‘गाइडेड ॲक्सेस’ सुरू केल्यास मूल त्या खेळाबाहेर सहजी जात नाही. एकदा उतरवून इंटरनेट बंद ठेवून चालणारे खेळ त्याहून सोयीचे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे आणि मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे.

मूल्यमापन : खेळात मिळालेले तारे किंवा टाळ्या म्हणजे शिकल्याचा पुरावा नव्हे. एक ते दहा घडाघडा म्हणणाऱ्या दोन-अडीच वर्षांच्या मुलाकडे ‘तीन चमचे दे’ असे मागितले, तर ते बहुधा मूठभर चमचे पुढे करते. कॅरेन विन यांनी १९९० मध्ये अशाच रीतीने मुलांची संख्येची समज तपासली होती. अंक म्हणणे आणि संख्या समजणे यांत महिनोन्‌महिन्यांचे अंतर असते. म्हणून खेळताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे, मुलाला प्रश्न विचारावेत आणि खेळ संपल्यावर तीच गोष्ट पोळ्या, चपला, जिन्याच्या पायऱ्या यांवर करून घ्यावी. पडद्यावर ओळखलेला त्रिकोण मुलाने समोशात आपणहून दाखवला, तर तो खेळ उपयोगी पडला असे म्हणता येते.