युवागटांसाठी अल्पखर्चातील दुर्गभ्रमंती

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील युवागटांना निसर्गसहलीसाठी मोठी वर्गणी जमविण्याची आवश्यकता नाही, असे आम्हांस वाटते. पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड व आकुर्डी स्थानकांवरून मळवलीस जाते. तेथून भाजे येथील बौद्ध लेणी पाहून पायी लोहगड गाठता येतो. हा दुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. पहिल्याच सहलीस निघणाऱ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग पाहावा. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध तो सुमारे दोन महिने लढविला.

लोकलचे भाडे, प्रवेशशुल्क व घरचा डबा एवढ्यात लोहगडाची सहल होते. अनेक युवक कारखान्यांत पाळीने काम करतात. म्हणून दिवस महिनाभर आधी ठरवावा. रविवार असल्यास सकाळच्या पहिल्या मिस्सेनंतर निघावे.

मात्र दक्षता हवीच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. म्हणून पावसाळ्यात प्रवाहात उतरू नये, जुन्या पुलांवर गर्दी करू नये. गडभ्रमंतीसाठी हिवाळा निवडावा. पालकांची लेखी संमती, प्रथमोपचार पेटी व जबाबदार प्रौढ सोबत असावेत. निघताना, गडावर व परतताना शिरगणती करावी आणि उजेड असतानाच गड उतरावा.