हजेरीपटावरचे बहात्तर

शाळेचा इतिहास लिहायचं काम स्मरणिका समितीने माझ्या गळ्यात घातलं. कारण एवढंच, की मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि 'हिला आकडे कळतात' असा आपल्या बॅचचा समज आहे. आकडे थोडेफार कळतात, इतिहास लिहायची मात्र सवय नाही. गुरुजनांनी चुका पोटात घालाव्यात.

आपल्यापैकी कोणीही शाळेबद्दल बोलू लागलं की सुरुवात गर्दीपासून होते. १९८८ साली मी तिसरीत होते, तेव्हा आमच्या तुकडीत ७२ मुलं होती. आकडा पक्का लक्षात आहे, कारण बाबांची बदली उशिरा झाल्यामुळे ऑगस्टमध्ये नाव घातलं गेलं आणि माझा नंबर ७१ आला. बाई हजेरी घेत माझ्यापर्यंत पोचायच्या तोवर पहिली घंटा संपत आलेली असायची. टाटपट्ट्यांच्या रांगा दारातून बाहेर व्हरांड्यात आलेल्या. मी आणि ७२ नंबरची मुलगी, आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर. फळा अर्धाच दिसायचा. पावसाची झड आली की सगळे आत सरकायचे आणि पाटी मांडीवर ठेवायलाही जागा उरायची नाही.

ही गर्दी शाळेने केलेली नव्हती, ती गावाने पाठवलेली होती. खांडक्या बल्लाळशाहाची ही जुनी राजधानी. पण राजधानी चांद्याला गेल्यावर वर्धेच्या काठी किल्ला आणि लहानशी वस्ती एवढंच उरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे कोळशाची खाण सुरू झाली. १९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद पडली आणि इकडचं महत्त्व वाढलं. पुढे काझीपेठपर्यंतचा लोहमार्ग जोडला गेला, १९२९ मध्ये ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली आणि बल्लारशाह हे उत्तर-दक्षिण रस्त्यावरचं मोठं स्टेशन झालं. १९४५ मध्ये पेपर मिलची कंपनी स्थापन झाली, कारण बांबूचं जंगल, कोळसा, नदीचं पाणी आणि रेल्वे चारही गोष्टी हाताशी होत्या. बांबू लादलेले ट्रक आणि वारा फिरला की येणारा तो वास मी नव्याने सांगायला नको. कागदाच्या गावात आपण पाटीवर शिकलो, ही गंमत मात्र मला फार उशिरा सुचली.

माझ्या मते गर्दीच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना १९७३ ची, कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाची. त्याआधी खाणीत येणारा बराचसा मजूर एकटा यायचा आणि सणाला गावी जायचा. नोकरी कायम झाली, पगार ठरावीक झाला, तशी माणसं बायकापोरांना घेऊन आली. त्यांची मुलं सहा वर्षांची झाली की शाळेच्या दारात उभी. खोल्या मात्र मंजुरी, निधी, निविदा असा रस्ता काढत येतात. मूल सहा वर्षांत तयार होतं, खोली त्याहून उशिरा, हे साधं गणित आहे.

शिवाय ही मुलं एका भाषेची नव्हती. कॉलरीकडची हिंदी, स्टेशनकडची तेलुगू, वस्तीतली आपली मराठी, काही घरांत गोंडी, काही घरांत बंगाली. पहिलीच्या बाई 'इकडे या' म्हणाल्या की निम्मी मुलं शेजाऱ्याकडे बघायची. ७२ मुलं असणं एक, आणि त्यांतल्या निम्म्यांना फळ्यावरची भाषाच नवी असणं दुसरं. हजेरीपटावर यातलं पहिलंच दिसतं.

मग एवढ्या मुलांना एकटे गुरुजी सांभाळायचे कसे? मॉनिटर! पाढे म्हणून घेणं, पाट्या तपासणं, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं. ही युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी, देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवतात ते पाहून, तीच रीत आणली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं. पुढे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनी एका दालनात शेकडो मुलं बसवून अशी शाळा चालवली. म्हणजे मोठा मुलगा लहान्याकडून पाढे घोटून घेतो ही आपल्या देशी शाळांची पद्धत विलायतेला जाऊन 'मद्रास पद्धत' झाली आणि मॉनिटर हे इंग्रजी नाव लावून आपल्याकडे परत आली. आपल्या वर्गाचा मॉनिटर आज मेळाव्याचा खजिनदार आहे. त्याने माझं नाव बोलणाऱ्यांत किती वेळा लिहिलं, ते मी विसरलेले नाही.

कायदा काय म्हणत होता? आपला भाग मध्य प्रांतात असताना १९२० मध्येच प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता. राज्यघटनेने १० वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं, म्हणजे १९६० पर्यंत. आपण शाळेत असताना 'खडू-फळा' योजना आली. तिचं माप किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक. एकशिक्षकी खेड्यांसाठी ते मोठंच होतं, पण आपल्यासारख्या भरलेल्या शाळेला त्याने काय होणार? तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्राथमिकचं प्रमाण कायद्याने आलं ते १ एप्रिल २०१० पासून. त्या मापाने आमच्या एका तुकडीला तीन शिक्षक लागले असते.

आणि सरासरीवर तर माझा अजिबात विश्वास नाही. जंगलातल्या एका शाळेत १२ मुलांना एक शिक्षक, आपल्याकडे ७२ ना एक. सरासरी ४२, आणि कागदावर परिस्थिती बरी. प्रत्यक्षात ४२ मुलांचा वर्ग कुठेच नाही.

पुढे गावच थांबलं. २००१ च्या जनगणनेत बल्लारपूरची लोकसंख्या ८९,९९५ होती, २०११ मध्ये ८९,४५२. आता आपल्या शाळेत पट टिकवायला शिक्षक उन्हात घरोघर फिरतात. मागच्या दिवाळीत मी गेले तेव्हा तिसरीच्या खोलीत सगळी मुलं आत बसून उरलेल्या जागेत दोन कपाटं होती.

त्याच वेळी मुख्याध्यापकांनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर बघायला दिलं. आपण भेटलो की म्हणतो, 'सत्तर-सत्तर पोट्टे होतो, तरी शिकलो ना!' मीही म्हणत आले. पण असं म्हणणारे सगळे शिकलेलेच असतात. मेळाव्याच्या ग्रुपवर आमच्या ७२ पैकी विसेक जण आहेत. रजिस्टरात शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना आहे. त्यात 'पालकांची बदली' आहे, 'चौथी उत्तीर्ण' आहे, आणि बऱ्याच नावांपुढे 'सतत गैरहजर, नाव कमी' आहे.

७२ नंबरच्या मुलीपुढे तेच लिहिलंय. ती तेलुगू बोलायची. मला तेलुगूतले आकडे तिने शिकवले, मी तिला मराठीतले, उंबऱ्याबाहेर बसून. वडील बांबूच्या ठेक्यावर होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. कुणी विचारलंही नाही. बाई रोज तिचं नाव घ्यायच्या, उत्तर यायचं नाही, आणि हजेरी संपायची. एवढ्या मुलांत एक कमी झालं तर कळतं ते शेजारच्यालाच. मला कळलं होतं. पण व्हरांड्यात मी एकटी उरले म्हणून बाईंनी मला आत घेतलं, पूर्ण फळा दिसू लागला, आणि मला फार आनंद झाला होता.

तिचं नाव इथे छापत नाही. स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्यांपैकी कुणाला ते कुटुंब आठवत असेल, तर मेळाव्याच्या दिवशी मला भेटा. मी सकाळपासून नोंदणीच्या टेबलावर आहे.